उतरायची जागा

"काय गं, आपण घोड्यावर बसायला आलोय की घोड्यांना फिरवायला?"

आन्सेल्मोने हे बायकोच्या कानात विचारलं होतं. पण त्याच्या मागेच लगाम धरून कासिल्दा उभी होती आणि तिला ते स्वच्छ ऐकू आलं. रांगेच्या शेपटाला असणाऱ्या माणसाला सगळंच ऐकू येतं. पुढचा असतो तो बोलतो. मागच्याच्या वाट्याला पाहुण्यांची कुरकुर येते, घोड्यांच्या शेपट्या येतात आणि वाऱ्याची दिशा बदलली की आणखीही काय काय येतं. लग्न झाल्यापासून कासिल्दा शेपटाला होती. ही रोमन वाट तिला पाठ होती खरी, पण ती घोड्यांच्या पुठ्ठ्यांमधून जेवढी दिसते तेवढीच.

पुढे तिचा नवरा, पाहुण्यांना पैसे घेऊन घोड्यांवरून खिंड दाखवणारा रेमिहियो, टोपी छातीशी धरून उभा होता. खिंडीच्या माथ्यावर डांबरी रस्ता डावीकडे वळतो आणि जुनी फरसबंदी वळणं घेत सरळ दरीत उतरायला लागते. त्या तोंडाशीच तो घोडीवरून उतरला होता आणि सगळ्यांना त्याने उतरवलं होतं.

"इथे रोमन सैनिक पायउतार व्हायचे," तो म्हणाला. या आवाजाला कासिल्दा मनातल्या मनात संग्रहालयाचा आवाज म्हणायची. "कितीही मोठा सरदार असो, उतरायचा. ही पिकुसची जागा. पिकुस म्हणजे खिंडीचा देव. त्याच्या मानासाठी खालच्या मोठ्या वळणापर्यंत पायी जायचं. आपल्याकडे अजून तो रिवाज पाळतात."

"मी काही उतरणार नाही," दुसऱ्या घोड्यावरून ओब्दुलियाबाई म्हणाल्या. आविला शहरात आयुष्यभर शिवणकाम केलेल्या या बाई आन्सेल्मोच्या आत्या. वाढदिवसाला काय हवं असं भाच्याने विचारलं, तेव्हा त्यांनी घोडा मागितला होता. "माझ्या खुब्यात लोखंड घातलंय. एकदा उतरले तर पुन्हा चढवायला क्रेन आणावी लागेल."

"बसा बसा, बाई. देव वयस्कर माणसांना सूट देतो."

"तुझ्या देवाला माझं वय कुणी सांगितलं रे?"

आन्सेल्मोची बायको बेगोन्या फिस्सकन हसली. रेमिहियोही हसला, टोपी डोक्यावर ठेवली आणि सेरेसाचा लगाम धरून चालायला लागला. सेरेसा ही त्याची तांबडी घोडी. ती निघाली की बाकीचे घोडे निघतात, ती थांबली की थांबतात. तिच्या मागे ओब्दुलियाबाईंना घेऊन म्हातारा पांढरा कानो, मग बेगोन्या, मग आन्सेल्मो, दोघं आपापले घोडे हाताने धरून, आणि शेवटी कासिल्दा.

पिकुस नावाचा कुणी देव रोमन लोकांत असेलही, कासिल्दाला ठाऊक नव्हतं. या खिंडीतला मात्र तिच्या नवऱ्याच्या तोंडून जन्मला होता. जन्माच्या वेळी ती शेपटाला हजर होती.

झालं होतं ते असं. पाच उन्हाळ्यांपूर्वी, ओल्या दिवशी, पाचव्या वळणाच्या गुळगुळीत शिळेवर रेमिहियोचा मोरो घोडा घसरला. दोन हजार वर्षांच्या गाड्यांनी आणि गुरांनी त्या शिळा अशा घासल्यात की पावसात ताटावर साबण फिरावा तसा नाल फिरतो. मोरो बसकण मारून घसरत गेला, आडवा झाला आणि रेमिहियोच्या अंगावर आला. कासिल्दाचा चुलतभाऊ तेओफिलो गुरं घेऊन मागून येत होता, त्याने माणसं लावून घोडा उचलला. रेमिहियोच्या बरगड्या जुळल्या. गुडघाही जुळला. मोरो विकून टाकला. वसंतात पहिले पाहुणे आले, तेव्हा रेमिहियो सेरेसावर बसून नेहमीसारखा गात चढ चढला, माथ्यावर ब्रेड-चीज खाल्लं, आणि उतरताना पाचव्या वळणाशी येऊन खाली उतरला. सगळ्यांच्या देखत. चेहरा चुन्यासारखा. एका पाहुणीने विचारलं, "का हो, इथे का उतरलात?" आणि रेमिहियोने क्षणभर दगडांकडे बघून उत्तर दिलं, "रोमन लोक उतरायचे इथे."

त्या दिवशी घरी गेल्यावर विचारता आलं असतं. कासिल्दाने अंडी तळली. त्याने घोड्यांचे खूर साफ केले, नेहमीपेक्षा जास्त वेळ लावून. दुसऱ्या फेरीला देवाला नाव मिळालं. तिसऱ्या फेरीला पाहुण्यांनी काहीतरी करायला मागितलं, तेव्हा कासिल्दानेच एक दगड उचलून वळणाच्या कोपऱ्यात ठेवला आणि म्हणाली, "इथे दगड ठेवतात." नवऱ्याला एकट्याला खोटं वाहून नेऊ द्यायचं म्हणजे कसंतरीच. तिने एक टोक धरलं, एवढंच.

मग काय, दगडांची रास झाली. खालच्या मोंबेल्त्रान गावचा दुसरा वाटाड्याही आपल्या पाहुण्यांना तिथे उतरवायला लागला, आपल्याला हे ठाऊक नव्हतं असं लोकांना वाटू नये म्हणून. कुणीतरी ते माहितीपत्रकात छापलं. गावात सगळ्यांना खरं काय ते कळत होतं. दारूच्या गुत्त्यात रेमिहियोला लोक चिडवायचे, पण ते देवावरून. "काय रे, तुझा पिकुस कसा आहे? पाय दुखतात का त्याचे?" असं. देवाच्या आडून बोलायचं आणि देवाच्या आडच थांबायचं, असा जणू गावात ठरावच झाला होता. त्या एका शब्दापाशी आलं की सगळेजण आपापल्या ग्लासात बघायचे.

हे असं चालूनही गेलं असतं. पण देव एका जागी राहीना.

पहिल्या वर्षी तो पाचव्या वळणाशी होता. पुढच्या वर्षी चौथ्याशी आला. "खरी जागा ही होती म्हणे," रेमिहियो म्हणाला. कुणी म्हटलं ते त्याने सांगितलं नाही. मग तिसऱ्याशी, मग दुसऱ्याशी. प्रत्येक जागी दगडांची एकेक रास मागे राहत गेली. आणि आज, जूनच्या या लख्ख दुपारी, शिळा कोरड्या ठणठणीत असताना, देव थेट माथ्यावर येऊन बसला होता. याच्या वर आता जागा नव्हती. याच्या पुढे तो पलीकडच्या उतारावर जाईल, मग घराच्या अंगणात येईल. एक दिवस रेमिहियो तबेल्यातच टोपी छातीशी धरून उभा राहील आणि म्हणेल, इथे रोमन लोक घोड्यावर बसायचेच नाहीत. तो दिवस आला की पाहुणे गेले, घोडे गेले, आणि घोड्यांवाचून रेमिहियो म्हणजे काय, याचा विचार करायला कासिल्दाचं मन तयार नव्हतं.

सोपा उपाय होता. तिने पुढे व्हायचं. सेरेसा तिला चांगली ओळखत होती. त्या शिळांवरून ती कितीदा तरी बसून उतरली होती, घसरतही नव्हती, घाबरतही नव्हती. पण "तू मागे हो, मी पुढे होते" एवढं म्हणायचं म्हटलं तरी त्यात तो शब्द आलाच. न उच्चारताही आलाच. म्हणून ती शेपटालाच चालत राहिली, हातात लगाम, समोर आन्सेल्मोच्या घोड्याचा पुठ्ठा, एका बाजूला डोंगराला धरून ठेवणारी दगडी भिंत आणि दुसऱ्या बाजूला उतार.

"आत्या, पाय रिकिबीत नीट ठेव," आन्सेल्मो ओरडला.

"तू तुझे बघ. नवे बूट ना ते? मघापासून लंगडतोयस."

पिवळ्या फुलांनी लगडलेल्या झुडपांचा गोडसर उग्र वास सगळ्या उतारावर पसरला होता. दुसरं वळण झालं, तिसरं झालं. इथून पुढे वाट अरुंद होते. भिंत उंच होत जाते आणि दोन घोडे शेजारी मावत नाहीत.

तिथेच कासिल्दाला घंटा ऐकू आल्या.

गुरांच्या घंटा. जाड, बसक्या आवाजाच्या. दरवर्षी जूनमध्ये तेओफिलो दक्षिणेच्या, एस्त्रेमादुराच्या कुरणांतून काळ्या गायींचं खिल्लार घेऊन याच वाटेने खिंड ओलांडतो. पण या वर्षी तो पहाटेच वर जाणार होता, तसा त्याने निरोपही दिला होता. म्हणून तर त्यांनी दुपारची फेरी घेतली. वाटेत एखादी गाय व्यायली असेल नाहीतर तेओफिलो जेवायला बसला असेल. दोन्हींमध्ये त्याचा सारखाच वेळ जातो.

"रेमि!" तिने हाक मारली. "गुरं येतायत! माघारी फिरू या!"

पण घंटा खालून येत होत्या तशा वरूनही येत होत्या.

तिने वळून पाहिलं. अर्धं खिल्लार डांबरी रस्त्यावरून आडवं चढून, ही माणसं निघाल्यानंतर माथ्याजवळ पोचलं होतं. आता त्यातल्या गायींच्या ध्यानात आलं होतं की वासरं मागे राहिली. आणि त्या वासरांना शोधत, हंबरत, फरसबंदीवरून खाली यायला निघाल्या होत्या. खालच्या वळणावरून वासरं वर येत होती, आयांना हाका मारत. मधल्या अरुंद पट्ट्यात पाच घोडे, चार पायी माणसं आणि खुब्यात लोखंड असलेल्या एक बाई.

"बसा घोड्यांवर!" कासिल्दा ओरडली. "भिंतीच्या बाजूने चढा! घोड्यावर असलात तर शिंगं लागत नाहीत, चला!"

बेगोन्या भिंतीच्या दगडावर पाय देऊन चढली, तिला कुणी शिकवल्यासारखी. आन्सेल्मो दोनदा उडी मारून दोन्हीदा खाली आला. कासिल्दाने त्याच्या ढुंगणाला खांदा लावून त्याला वर ढकललं, आणि तो खोगिरावर पोटावर पडून मग हळूहळू माणसासारखा बसला. मग ती स्वतः चढली. वरून पहिल्या गायी वळणावर दिसायला लागल्या होत्या. शिंगं रुंद, डोळे वासरांसाठी वेडे झालेले.

"दाजी!" खालून आरोळी आली. वासरांच्या गर्दीमागे तेओफिलो आपल्या घोड्यावर होता, अंगावर धूळच धूळ. "अहो दाजी, खाली या! मोठ्या वळणावर जागा आहे, तिथे बाजूला व्हा! तुम्ही सरकल्याशिवाय ही आया-लेकरं भेटायची नाहीत!"

"येतो!" रेमिहियोने उत्तर दिलं. त्याने सेरेसाचा लगाम ओढला.

सेरेसा हलली नाही. समोर वासरांची भिंत, पायांत पाय, आणि पुढे पायी चालणारा एकटा माणूस. गुरांत शिरायचं तर घोडीला पाठीवर वजन लागतं, दोन मांड्यांची पकड लागते, कुणीतरी वरून सांगणारं लागतं की चल, मी आहे. लगामाच्या टोकाशी उभ्या असलेल्या माणसाच्या भरवशावर ती कशाला शिरेल? तिने कान मागे टाकले आणि चारही पाय रोवले. तिच्यामागे कानो थांबला, त्याच्यामागे सगळे.

"बसा ना तिच्यावर!" तेओफिलो ओरडला.

रेमिहियोने रिकिबीत पाय घातला. कासिल्दाने पाहिलं, तिघांच्या डोक्यांवरून. त्याने खोगीर धरलं, अंग वर उचलल्यासारखं केलं, आणि पाय काढला. पुन्हा घातला. पुन्हा काढला. चेहरा चुन्यासारखा.

मग जे झालं ते कासिल्दाला पुष्कळ दिवस आठवत राहणार होतं. लोक चांगले असतात, हाच त्यांचा दोष असतो.

"तंग सैल झाला असेल, दाजी!" तेओफिलो म्हणाला. आवाज एकदम मऊ. मोरोच्या खालून त्याला ओढून काढणारा तोच होता, त्याला नको तेवढं ठाऊक होतं. "तंग बघा आधी! घाई नाही!"

घाई नाही! वरच्या गायी कासिल्दाच्या घोड्याच्या शेपटाला येऊन टेकल्या होत्या. एकीने शिंग घोड्याच्या मांडीला घासलं, घोडा पुढे उसळला आणि आन्सेल्मोच्या घोड्यावर आदळला.

"हो, तंग," रेमिहियो म्हणाला आणि वाकून घोडीच्या पोटाखालचा, घट्टच असलेला खोगिराचा तंग चाचपायला लागला.

"आणि देवाचाही मान असतो ना," आन्सेल्मो म्हणाला. मघाशी कुरकुरणारा आन्सेल्मो! त्यालाही आता समजलं होतं, आणि समजल्याबरोबर तोही त्या ठरावात सामील झाला होता. "रिवाज मोडणं म्हणजे... तसं अवघडच."

"देव आज एस्त्रेमादुराला गेलाय!" तेओफिलो म्हणाला. पण हसला नाही.

"त्यांच्या पायाला काही लागलंय का?" बेगोन्याने विचारलं, मागे वळून, कासिल्दाला.

सगळ्यांनीच कासिल्दाकडे पाहिलं. रेमिहियोनेही. बोटं तंगावर, मान वळवलेली. त्या नजरेत विनंती नव्हती, वाट बघणं होतं. जेवायला बसलेला माणूस न बघता हात पुढे करतो आणि त्याला ठाऊक असतं की त्यात ब्रेड येणार, तसं. कासिल्दाच्या तोंडात उत्तर तयारच होतं. "गुडघा. जुना गुडघा आहे त्याचा, उतारावर धरतो." कितीदा तरी सांगितलं होतं तिने. पाहुण्यांना, शेजारणींना, त्याच्या आईला. आत्ता सांगितलं असतं तर सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला असता. गुडघा म्हटला की कुणी काही बोलत नाही. तेओफिलोने कसंतरी पायी येऊन घोडी धरली असती. कुणाला शिंग लागलं असतं किंवा नसतं लागलं. आणि पुढच्या आठवड्यात देव खिंडीपलीकडे जाऊन बसला असता.

तिने तोंड उघडलं. आणि मिटलं.

तिला स्वतःलाच नवल वाटलं. घोड्याला पुढे ढकलणाऱ्या गायीच्या कपाळावर तिने बुटाची टाच टेकवून धरली होती, आणि ती आपल्या नवऱ्याकडे नुसती बघत होती. रागाने नाही. मोरो पडल्यापासून पहिल्यांदाच ती त्याला काही देत नव्हती. दगड नाही, गुडघा नाही, अंडी नाहीत.

बेगोन्या तिच्या उत्तराची वाट बघून पुन्हा पुढे वळली. आन्सेल्मोने घसा खाकरला. तेओफिलो काहीतरी ओरडणार होता तेही त्याने गिळलं. घंटा मात्र बडवल्यासारख्या वाजत होत्या, वरून आणि खालून. वासरं घशाच्या शिरा ताणून आयांना बोलावत होती.

रेमिहियोने तंगावरचा हात काढला. सेरेसाच्या मानेवर ठेवला. काही वेळ तो तिच्या आयाळीशीच बोलत असल्यासारखा उभा राहिला. मग तो काहीतरी म्हणाला.

कुणालाच ऐकू आलं नाही.

"काय म्हणालास?" ओब्दुलियाबाई कानोवरून वाकल्या. भाच्याच्या, भाचसुनेच्या, तेओफिलोच्या चेहऱ्यावरचं त्यांनी काही पाहिलं नसावं, किंवा सगळंच पाहिलं असावं. "या घंटांमध्ये काही समजत नाही बघ. मोठ्याने बोल की, बाबा! इतका वेळ देवाचं सांगत होतास तेव्हा चांगला आवाज होता तुला."

रेमिहियोने मान वर केली. सेरेसाचा लगाम हातात गोळा केला आणि हात उंच केला, कानोच्या डोक्यावरून, बेगोन्या आणि आन्सेल्मोच्या पलीकडे, रांगेच्या पार टोकाकडे.

"कासिल्दा, तू पुढे ये!" तो ओरडला, आणि तो संग्रहालयाचा आवाज नव्हता. "हिच्यावर तू बस! मला जमत नाही. गुडघ्याचं काही नाही, देवाबिवाचं काही नाही. मला भीती वाटते!"